एवढं काय त्यात? : रूपन देओल बजाज आणि के. पी. एस. गिल प्रकरण

कार्यालयांमध्ये लैंगिक छळाच्या कायद्यावर बोलायला बोलावतात, तेव्हा मी आधी प्रोजेक्टर लावत नाही. खोलीतल्या खुर्च्या दोन अर्धगोलांत, समोरासमोर मांडायला लावते. एकात बायका, एकात पुरुष. लोक हसतात. "मॅडम, साखरपुड्याला बसल्यासारखं वाटतंय," असं कुणीतरी हमखास म्हणतं. मग सांगते की ही मांडणी माझ्या डोक्यातली नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात उतरवलेल्या एका फिर्यादीतली आहे. ठिकाण चंदीगड, तारीख 18 जुलै 1988.

एका आयएएस अधिकाऱ्याच्या घरी जेवणाचं आमंत्रण होतं. घरामागच्या हिरवळीवर वीस-पंचवीस जोडपी: वरिष्ठ अधिकारी, वकील, पत्रकार. अशा मेजवान्यांच्या रिवाजाप्रमाणे बायका एका अर्धगोलात, पुरुष दुसऱ्या. बायकांमध्ये रूपन देओल बजाज होत्या, पंजाब केडरच्या आयएएस अधिकारी, तेव्हा अर्थ खात्यात विशेष सचिव. पतीही आयएएस, तेही आले होते. पुरुषांमध्ये होते पंजाबचे पोलीस महासंचालक कंवरपाल सिंग गिल.

फिर्यादीत पुढचं जे आहे ते मी सावकाश वाचून दाखवते, कारण सगळं प्रकरण त्या बारकाव्यांत आहे. रात्री दहाच्या सुमारास गिल पुरुषांच्या बाजूने उठून बायकांच्या अर्धगोलात येऊन बसले, बजाज यांच्या डावीकडे पाच-सहा खुर्च्या सोडून. मग त्यांच्या आजूबाजूच्या बायका एकेक करून उठल्या आणि घरात निघून गेल्या. बजाज उजवीकडच्या दोघींशी बोलत होत्या, त्यांच्या हे लक्षात आलं नाही. गिल यांनी हाक मारली: इकडे येऊन बसा, काही बोलायचंय. त्या गेल्या. बसणार तोच गिल यांनी ती खुर्ची आपल्या खुर्चीला चिकटेल अशी ओढली. बजाज यांनी खुर्ची परत जागेवर नेली. गिल यांनी पुन्हा ओढली. काहीतरी बिनसलंय हे ओळखून त्या न बसताच आपल्या जागी परतल्या.

दहाएक मिनिटांनी गिल उठून त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. इतके जवळ, की त्यांचे पाय आणि बजाज यांचे गुडघे यांत चार इंचांचं अंतर. बोट वाकवून खूण केली, ऊठ आणि माझ्याबरोबर चल. बजाज यांनी त्यांना खडसावलं, निघून जायला सांगितलं. गिल यांनी तेच पुन्हा हुकमी आवाजात म्हटलं. बाजूच्या बायका अवाक होऊन बघत राहिल्या. शेवटी बजाज यांनी खुर्ची फूट-दीड फूट मागे सरकवली आणि दोन खुर्च्यांमधून बाहेर पडायला वळल्या. तेव्हा गिल यांनी त्यांच्या पार्श्वभागावर चापट मारली. सगळ्यांसमोर.

इथे मी वाचन थांबवून एका बाईला दुसऱ्या बाईसमोर चार इंचांवर उभं राहायला सांगते. चार इंच म्हणजे जेमतेम अर्धी वीत. बसलेलीला म्हणते, आता उठा बरं. उठता येत नाही. खुर्चीतून उठताना माणूस आधी पुढे वाकतो, डोकं आणि छाती गुडघ्यांच्या पुढे जाते, मगच पाय वजन घेतात. समोर कुणी चार इंचांवर उभं असेल तर उठणं म्हणजे त्याच्या अंगावर जाणं. बजाज यांनी खुर्ची मागे का सरकवली हे त्या क्षणी खोलीतल्या प्रत्येकाला कळतं, पुरुषांनाही. "ओरडायचं ना", "उठून जायचं ना" असं मागच्या रांगेतून म्हणणारे या प्रयोगानंतर गप्प होतात. फक्त चापट सांगितली तर लोक चापटच मोजतात, कोंडी दिसत नाही.

गिल त्या वेळी कोण होते हे आजच्या पंचविशीतल्या मुलांना सांगावं लागतं. मे 1988 मध्ये, या मेजवानीच्या दोनच महिने आधी, ऑपरेशन ब्लॅक थंडर झालं होतं. सुवर्णमंदिरात दडलेल्या अतिरेक्यांना वेढा घालून, पाणी-अन्न तोडून बाहेर यायला लावलं होतं. 1984 च्या ब्लू स्टारसारखा रक्तपात आणि मंदिराची पडझड झाली नाही. वेढा पत्रकारांनी जवळून पाहिला, देशाने टीव्हीवर. महासंचालक गिल एका रात्रीत नायक झाले. 'सुपरकॉप' हे विशेषण पुढे त्यांना कायमचं चिकटलं. पंजाबात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. राज्यपाल सिद्धार्थ शंकर रे, आणि सल्लागार ज्युलिओ रिबेरो, आपल्या मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. म्हणजे विधानसभा नाही, मंत्रिमंडळ नाही, प्रश्न विचारायला आमदार नाही. कारभार अधिकाऱ्यांचा, आणि अधिकाऱ्यांमध्ये सगळ्यात वजनदार माणूस हा.

बजाज यांनी आधी वरिष्ठांकडे दाद मागितली. काही हाती लागलं नाही. 29 जुलैला त्यांनी चंदीगडच्या पोलीस महानिरीक्षकांकडे लेखी फिर्याद दिली आणि गुन्हा नोंदला गेला. कलमं अनेक होती, त्यांतली पुढे टिकली ती दोन: तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं 354, स्त्रीचा विनयभंग, आणि 509, शब्दाने वा हावभावाने तिच्या लज्जेचा अवमान. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पतींनी थेट दंडाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र तक्रार केली. त्यांचं म्हणणं असं की आरोपी एवढा मोठा पोलीस अधिकारी असल्यामुळे तपास नीट होत नाहीये, आणि पोलीस शेवटी 'तपास लागला नाही' असं लिहून फाईल बंद करतील अशी भीती आहे. ज्याचा फोटो दर दोन दिवसांनी वर्तमानपत्रात येतो त्याचा तपास लागत नाही! पोलीस ठाण्यांशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

गिल उच्च न्यायालयात गेले. 29 मे 1989 रोजी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने फिर्याद आणि तक्रार दोन्ही रद्द केल्या. साक्षीपुरावा व्हायच्या आधीच. त्याच वर्षी गिल यांना पद्मश्री मिळाली.

उच्च न्यायालयाने दिलेल्या कारणांत मुख्य ही चार. फिर्यादीतले आरोप अस्वाभाविक आणि असंभाव्य वाटतात. फिर्यादीला अकरा दिवसांचा उशीर झाला, त्याचं समाधानकारक उत्तर नाही. तपास अधिकाऱ्याने डोकं वापरलं असतं तर तपास सुरूच केला नसता. आणि चौथं, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: कलम 95.

या कलमाची मौज आहे. दंड संहिता रचणाऱ्या मेकॉलेच्या मंडळींना प्रश्न पडला होता की व्याख्या शब्दशः लावल्या तर रोजचं जगणंच गुन्हा ठरेल. दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवला तर ती चोरी. घोड्यावरून जाताना कुणाच्या अंगावर धूळ उडाली तर तो हल्ला. गाडीत चढताना शेजाऱ्याला दाबलं तर ती इजा. म्हणून कलम 95 आलं: इजा इतकी किरकोळ असेल की सामान्य समजेच्या आणि स्वभावाच्या माणसाने तिची तक्रार केली नसती, तर तो गुन्हा नाही. दौत, धूळ, गाडीतली गर्दी. या यादीत उच्च न्यायालयाने एका महिला अधिकाऱ्याला भर मेजवानीत मारलेली चापट नेऊन बसवली.

म्हणजे "एवढं काय त्यात?" या आपल्या घराघरातल्या वाक्याला कायद्याचं कलम सापडलं.

तेव्हाच्या लोकमताबद्दल हेच मला सगळ्यांत बोलकं वाटतं. गिल यांचे पाठीराखे काय म्हणत होते? हे घडलंच नाही, असं छातीठोकपणे म्हणणारे कमी. जास्त करून असं, की पार्टी होती, पिण्याचा कार्यक्रम होता, थट्टामस्करीत झालं असेल. पंजाब जळतोय, रोज माणसं मरताहेत, आणि या बाईंना चापटेचं पडलंय. अशा वेळी दलाच्या प्रमुखाचं मनोधैर्य खच्ची करायचं का? इंग्रजी वर्तमानपत्रांनी प्रकरणाला चावट टोपणनावं दिली, ती चवीने सांगितली जायची. प्रतिष्ठित माणसाविरुद्धच्या तक्रारीत लोकांचा अविश्वास आडवा येतो असं आपण समजतो. इथे बहुतेकांचा विश्वास बसलेला होता. अडचण वजनाची होती. तराजूच्या एका पारड्यात पंजाब, दुसऱ्यात एका बाईचा अपमान. आणि तराजू धरणाऱ्यालाच हे दोन एकत्र तोलायचे का, हा प्रश्न सुचत नव्हता.

त्या उठून गेलेल्या बायकांचंही तेच. महासंचालक येऊन बसल्यावर आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होतात, हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. त्या का उठल्या हे फिर्यादीत लिहिलेलं नाही. पण आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत ही विद्या बायकांना असते. "साहेबांचा हात जरा चालतो." "त्यांच्या केबिनमध्ये जाताना दार उघडं ठेव." "साहेब तसे आहेत, मनाला लावून घेऊ नको." माहिती अशी कानोकानी फिरते. नव्याने आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात ती मिळते, बऱ्याचदा रजेचे नियम मिळण्याआधी. फक्त ती कागदावर येत नाही. बजाज यांनी ती कागदावर आणली, हाच खरं तर त्यांचा अपराध होता.

मग सहा वर्षं काही नाही. म्हणजे बजाज सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथे प्रकरण पडून, बाहेर गिल यांची कारकीर्द चढती. मधले काही महिने सोडले तर पंजाबचं पोलीस दल त्यांच्याच हाती, अतिरेकी चळवळ मोडून काढल्याचं श्रेय त्यांच्या नावावर, 1994 पासून भारतीय हॉकी महासंघाचं अध्यक्षपदही. बजाज नोकरीत होत्या, त्याच राज्यात, त्याच सचिवालयाच्या दुनियेत. मेजवान्यांना कुणाकडून आमंत्रण यायचं आणि कुणाचं बंद झालं असेल याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयात बजाज यांच्या बाजूने इंदिरा जयसिंग उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्ये ज्येष्ठ वकील म्हणून नेमलेल्या त्या पहिल्या महिला. 12 ऑक्टोबर 1995 रोजी न्या. ए. एस. आनंद आणि न्या. एम. के. मुखर्जी यांच्या पीठाने निकाल दिला. आरोप संभाव्य की असंभाव्य हे फिर्यादीच्या टप्प्यावर तपासत बसणं हे उच्च न्यायालयाचं कामच नव्हतं, असं त्यांनी म्हटलं. विनयभंग झाला की नाही याची कसोटी सांगितली: आरोपीचं कृत्य स्त्रीच्या शालीनतेच्या जाणिवेला धक्का देईल असं आहे का? त्यापुढे निकालात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की ही चापट केवळ स्त्रीसुलभ शालीनतेला लागलेला धक्का नाही, तिच्या प्रतिष्ठेचा अवमान आहे, मग त्यात लैंगिक छटा असो वा नसो. आणि कलम 95? समाजातल्या प्रतिष्ठितांच्या देखत तिला जी मानहानी सोसावी लागली ती पाहता हे किरकोळ म्हणताच येणार नाही.

मराठीत 'विनयभंग' म्हणतो त्या शब्दाशी माझं नेहमी भांडण होतं. विनय म्हणजे नम्रता. विद्या विनयेन शोभते, तोच विनय. म्हणजे गुन्हा तो करतो आणि भंगतं ते तिचं नम्रपण. इंग्रजी कलमातला शब्दही तितकाच जुनाट, 1860 चा. त्यातून असं सुचतं की लाजाळू, खाली मान घालून वावरणाऱ्या बाईचंच काहीतरी मोडतं. खडसावणारी, पुरुषांच्या बरोबरीने फाईलवर सही करणारी बाई असेल तर तिचा 'विनय' होता तरी कुठे? बजाज नेमक्या तशा होत्या. म्हणून त्या निकालात शालीनतेच्या जोडीला 'प्रतिष्ठा' हा शब्द येणं मला मोठं वाटतं. कलमाचं नाव बदललं नाही, पण आत काय मोजायचं ते बदलायला लागलं. आपल्या वर्तमानपत्रांत 'छेडछाड' हा आणखी एक गोड शब्द होता, जणू कुणी सतारीची तार छेडतोय. 'लैंगिक छळ' रुळायला पुढे बरीच वर्षं गेली.

तपास करणाऱ्या पोलिसांनी प्रकरण गुंडाळण्यालायक ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने कागद पाहिले आणि चंदीगडच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना 354 आणि 509 खाली दखल घेऊन खटला स्वतः चालवायला सांगितलं. तो झपाट्याने चालला. 6 जानेवारी 1996 रोजी गिल दोषी ठरले. सेवानिवृत्त होऊन त्यांना आठवडाच झाला होता. शिक्षा: 354 खाली तीन महिने सक्तमजुरी आणि 500 रुपये दंड, 509 खाली दोन महिने साधी कैद आणि 200 रुपये दंड.

तुरुंगात ते गेले नाहीत. 1998 मध्ये अपिलात दोष कायम राहिला, पण कैदेच्या जागी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर मोकळीक आली आणि दंड वाढला; पुढे ती रक्कम 2 लाख रुपयांवर गेली. बजाज यांनी त्यातला रुपयाही घेतला नाही. जुलै 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला आणि मोकळीकही. चापटेपासून शेवटच्या निकालापर्यंत सतरा वर्षं. फिर्यादीच्या दिवशी जन्मलेलं मूल बारावीला गेलं असेल.

शिक्षा झाल्यामुळे गिल यांचं काय बिघडलं? पद्मश्री राहिली. हॉकी महासंघाची खुर्ची 2008 पर्यंत राहिली, म्हणजे दोषी ठरल्यानंतर आणखी बारा वर्षं. 2002 मध्ये दंगलीनंतरच्या गुजरातमध्ये सरकारचे सुरक्षा सल्लागार, 2006 मध्ये छत्तीसगडचे. यांपैकी कुणालाही त्यांना बोलावताना अडचण वाटली नाही. न्यायालयाचा निकाल आणि समाजाचा निकाल वेगवेगळ्या गाड्यांनी प्रवास करतात, आणि दुसरी गाडी पॅसेंजर असते.

एक नकोशी गोष्टही इथे लिहायला हवी, कारण प्रशिक्षणात कधीकधी एखादा चळवळीतला माणूस ती विचारतोच. गिल यांच्या काळात पंजाबात माणसं बेपत्ता झाली, बेवारस म्हणून जाळली गेली. एकट्या अमृतसर जिल्ह्यातल्या अशा 2,097 अंत्यविधींची नोंद सीबीआयने 1996 मध्ये समोर आणली. ते बाहेर काढणारे जसवंत सिंग खालरा सप्टेंबर 1995 मध्ये, बजाज निकालाच्या पाच आठवडे आधी, पोलिसांनी उचलले आणि मारले गेले. त्यासाठी पुढे काही पोलिसांना शिक्षा झाली. गिल स्वतः ज्यात दोषी ठरले ते प्रकरण मात्र हे एकच, चापटेचं. कुणाला हे विसंगत वाटतं, बड्या घरच्या बाईला न्याय मिळाला, बेपत्ता मुलाच्या तरनतारनमधल्या आईला नाही मिळाला, असं. आक्षेप खोटा नाही. पण मला तो उलट्या बाजूने दिसतो. नवरा-बायको दोघे आयएएस, कायदा तोंडपाठ, देशातल्या उत्तम वकील सोबत, पन्नास जण साक्षीला हजर, आणि तरी सतरा वर्षं. मग ज्या बाईकडे यांतलं काहीच नाही तिने ठाण्याची पायरी का चढावी? 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. तिथेही खुणा मोजल्या गेल्या, ठाण्याच्या चार भिंती मोजल्या गेल्या नाहीत. चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले, 1983 मध्ये कायदा बदलला. बजाज यांच्या मागे आणि पुढे ही अशी वाट आहे.

पुढची पावलं भराभर सांगते. 1997 मध्ये विशाखा निकाल, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं घालून देणारा; त्या पीठावर मुंबईच्या न्या. सुजाता मनोहर होत्या. 2013 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा स्वतंत्र कायदा: दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती, तीन महिन्यांत तक्रार, नव्वद दिवसांत चौकशी. त्याच वर्षी कलम 354 ची शिक्षा वाढून किमान एक वर्ष झाली. आज तेच कृत्य झालं तर तीन महिने हा आकडा लिहिताच येणार नाही. 'अकरा दिवस उशीर' हे वाक्यही तीन महिन्यांच्या मुदतीपुढे आता हास्यास्पद वाटतं. अधिकाऱ्याच्या घरच्या मेजवानीला 'कामाचं ठिकाण' म्हणायचं का, यावर मात्र आजही समित्यांमध्ये वाद घालणारे भेटतात. कायद्यात नोकरीच्या ओघात जिथे जावं लागतं ती जागाही येते. साहेबांच्या घरचं आमंत्रण नाकारता येतं का, हे आमंत्रण आलेल्याने स्वतःलाच विचारावं.

लोकांची नजर किती बदलली हे पाहायला मी दुसरं एक प्रकरण शेजारी ठेवते. ऑक्टोबर 2018 मध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांनी तत्कालीन परराष्ट्र राज्यमंत्री आणि माजी संपादक एम. जे. अकबर यांचं नाव घेतलं; 1993 मध्ये मुंबईतल्या एका हॉटेलात नोकरीच्या मुलाखतीला बोलावलं होतं तेव्हाच्या वर्तनाबद्दल. आणखी अनेक जणी पुढे आल्या. अकबर यांनी आरोप नाकारले, रमाणी यांच्यावरच फौजदारी बदनामीचा दावा ठोकला आणि मग मंत्रिपद सोडलं. म्हणजे बजाज फिर्यादी होत्या, रमाणी आरोपी. फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष ठरवलं. कुणाच्या लौकिकाचा हक्क स्त्रीच्या प्रतिष्ठेची किंमत देऊन राखता येत नाही, आणि तिला दशकांनंतरही बोलता येतं, असं म्हटलं. त्यावर अकबर यांचं अपील उच्च न्यायालयाने दाखल करून घेतलं.

1989 मध्ये अकरा दिवस जास्त होते. 2021 मध्ये पंचवीस वर्षं चालली. हा फरक कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही. मधल्या काळात न्यायाधीशांनी, संपादकांनी, मुलींच्या वडिलांनी एक साधी गोष्ट ऐकून घेतली होती: बोलायला वेळ का लागतो. बजाज यांना ती समजावून सांगावी लागत होती. रमाणी बोलल्या तेव्हा निम्म्या देशाला आपल्या घरातलं उदाहरण माहीत होतं.

फार हुरळून जाऊ नये म्हणून हेही. 2023 मध्ये ऑलिंपिक पदकविजेत्यांसह अनेक कुस्तीपटू जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि खासदार ब्रिजभूषण सिंह यांच्याविरुद्ध लैंगिक छळाचे आरोप होते, ते त्यांनी नाकारले आहेत. पण साधा गुन्हा नोंदवून घ्यायलाही तक्रारदार मुलींना सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. बजाज यांचा गुन्हा 1988 मध्ये अकराव्या दिवशी नोंदला गेला होता.

शेवटी मी खोलीतल्या लोकांना विचारते की या अर्धगोलात तुम्ही कुठली खुर्ची निवडाल. पुरुष बहुधा यजमानाची निवडतात आणि "मी मध्ये पडलो असतो" म्हणतात. बायका जरा थांबून बोलतात. मागच्या पावसाळ्यात एका ठिकाणी सगळे चहाला गेल्यावर हिशेब विभागातल्या एक बाई मागे राहिल्या, निवृत्तीला आलेल्या. खुर्च्या भिंतीला लावायला मदत करत म्हणाल्या, "मॅडम, त्या बायका उठून आत गेल्या, ते समजलं. पण जाताना हिला हाक का नाही मारली?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. तुमच्याकडे मारतात?

"मारतात की. साहेब येऊन बसले की कुणीतरी आतून ओरडतं, 'अगं, तुझा फोन आलाय.' आता मोबाईल आल्यापासून ते चालत नाही. मग 'बाई, तुझं कुरिअर आलंय खाली' म्हणतो."

"आणि साहेब?"

"त्यांनाही कळतं," त्या म्हणाल्या, आणि शेवटची खुर्ची उचलून ठेवली.